पिवळ्या बल्बची ऊब

वीज कंपनीचे साहेब घरात आले अन् त्यांनी टोपलीवरचा बल्बच काढला. खाली टोपलीत माझी लेक, अपुऱ्या दिवसांची. त्या पिवळ्या बल्बच्या उबेवरच तर ती होती!

"ताई, नवे एलईडी दिवे दिले तेव्हा जुने जमा करायचं ठरलं होतं ना? संध्याकाळी सगळ्यांचाच लोड वाढतो. वीज खरंच वाचते का, ते तपासतोय आम्ही."

"दादा, नवा दिवा गार असतो हो!"

उजेड तेवढाच, पण ऊबच नाही. त्यांच्या हातातल्या वीज मोजायच्या यंत्राला ऊब म्हणजे वाया गेलेली वीज. मला तर ती लेकीचा श्वासच वाटते.

त्यांनी बल्ब पिशवीत टाकला. मी पोरीला उराशी धरलं, तर पाय गार! तशीच दार अडवून उभी राहिले.

सासूबाई ओरडल्या, "अगं, सरकारी माणूस आहे, सोड त्यांना!"

सांगा, तुम्ही दार सोडलं असतं?