मागच्या सीटचं वजन

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातातली ताकद गेली. मेंदूतली एक बारीक नळी तुंबली, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत राहिलं, पायही. हातात चहाचा कप धरता येत होता, पण नळाची तोटी फिरवता येत नव्हती. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. गाडी चालवायची नाही, आणि हाताच्या व्यायामाला दर गुरुवारी न चुकता यायचं. गाडीचं यांनी लगेच ऐकलं, कारण ब्रेक दाबायला हातात जोर नाही हे डॉक्टरांच्या आधी त्यांनाच कळलं होतं. व्यायामाचं मात्र थोडेच दिवस ऐकलं.

आम्ही खडकीत राहतो आणि व्यायामाचं क्लिनिक सदाशिव पेठेत. सुरुवातीला रिक्षाने गेलो. एकदा रिक्षावाल्याने स्वतः उतरून यांचा दंड धरला आणि अलगद खाली उतरवलं. बिचाऱ्याने चांगुलपणानेच केलं होतं. पण पुढच्या गुरुवारपासून हे जाईनात.

"मी काय अंड्यांचा ट्रे आहे?" एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "मग मोटरसायकलवर चला. मी चालवते."

ते उठून गॅलरीत गेले. गाडी मला येते. लग्नानंतर त्यांनीच कारखान्याच्या क्वार्टर्समागच्या मैदानात शिकवली, तीही हीच गाडी. बाजारात, शाळेच्या ऑफिसात नोकरीला मी तिच्यावरूनच जाते. पण दोघं बरोबर असलो की ते पुढे आणि मी मागे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळे मोडायचं कसं हेही कुणाला माहीत नव्हतं.

ते गॅलरीत बसून राहायला लागले. रविवारी विहारात जाणंही बंद झालं. क्लिनिकमधल्या मुलीचा फोन आला, "काकू, आत्ताचे महिने महत्त्वाचे आहेत. काका आले नाहीत तर हात असाच राहील." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. "बरं," म्हणाले, आणि पेपर उलटला. समजूत काढणं मला जमत नाही. मी भाजी निवडायला घेतली.

मग एका रविवारी मी बाजारातून आले, गाडी लावली, तर वरून गॅलरीतून आवाज आला.

"चेन वाजतेय."

"वाजू दे."

"कव्हरला आतून आपटतेय. भर चौकात तुटेल एखाद्या दिवशी."

"गॅरेजला टाकते उद्या."

"त्याच्याकडे नको. तो हातोडीने घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आहे. थांब, आलो."

आणि खरंच आले. कितीतरी दिवसांनी जिना उतरले.

मी गाडी डबल स्टँडवर घेतली. ते पायरीवर बसून सांगत होते, मी करत होते. आधी मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करायचा. तो हलेना, तेव्हा मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. तळमजल्यावरच्या मावशी दारात येऊन बघत होत्या.

"जयभीम, भाऊजी! बऱ्याच दिवसांनी दर्शन. आज बायकोला नोकरीवर ठेवलंय वाटतं?"

"शिकाऊ आहे," हे म्हणाले. "टिकते का बघायचं."

नट सुटला. मग दोन्ही बाजूंचे छोटे बोल्ट सारखे फिरवायचे, म्हणजे चाक सरळ मागे सरकतं आणि चेन आवळते. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत. मी चेनच्या कव्हरचं रबरी बूच काढून आत बोट घातलं. चेन वर-खाली हलत होती, पण बेताची. पूर्वीसारखी लोंबत नव्हती.

"झालं," मी म्हटलं.

"काही झालं नाही. स्टँडवर घेतलेलं माप म्हणजे झोपून मोजलेली उंची. खाली घे. माणूस बसला की गाडी दबते आणि चेन ताणली जाते. तेव्हा बघायचं."

हे कारखान्यात तपासणी विभागात होते. प्रत्यक्ष वापरात जेवढं वजन येणार तेवढं टाकून पाहिल्याशिवाय कुठल्याही मालावर शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला हट्ट. त्यावरून त्यांची साहेबांशी भांडणं व्हायची, आणि घरी आल्यावर ती मला पुन्हा ऐकावी लागायची.

मी गाडी स्टँडवरून काढून पार्किंगच्या खांबाशी धरली. ते सवयीने पुढच्या सीटवर बसले, पाय दोन्हीकडे जमिनीला, डाव्या हाताने खांब धरून. मी वाकून पुन्हा बोट घातलं.

"थोडी ढील आहे."

"मग बरोबर. आवळ नट."

मी पाना उचलला, पण लावला नाही. म्हटलं, "हे माप कोणाच्या वजनाचं?"

"म्हणजे?"

"गुरुवारी क्लिनिकला जाताना गाडीवर कोण कोण असणार?"

ते हँडलकडे बघत राहिले. पुढे काही बोलायचं मी टाळलं. बोलले असते तर ते खांब सोडून सरळ वर गेले असते, हे मला ठाऊक होतं.

"दोघं," शेवटी म्हणाले.

"मग?"

"मग हे माप खोटं आहे."

ते सावकाश उठले आणि मागच्या सीटवर सरकले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "पण पुढे तू पाहिजेस. तू पुढे बसलीस तर बघणार कोण?"

"मी बसते की," मावशी म्हणाल्या. "आमची दोघींची तब्येत सारखीच." साडी खोचून त्या बसल्यासुद्धा. "भाऊजी, मला धरू नका, गुदगुल्या होतात."

"मावशी, मी खांब धरलाय."

हसू आवरत मी वाकले. चेन तारेसारखी ताठ झाली होती. बोटाने हलेना. तसंच आवळून ठेवलं असतं तर दोघं बसल्यावर बेअरिंग गेलं असतं. मी सांगितल्यावर यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. चूक सापडली की तो असाच खुलायचा.

"बघ! सोड थोडी. दोन्हीकडे सारखी."

मी सोडली, त्या दोघांना पुन्हा बसवलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या खेपेला जमलं. नट आवळला. चाक सरकलं की मागचा ब्रेकही बदलतो, म्हणून तोही त्यांनी बघायला लावला.

गुरुवारी ते खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागे बसले. शिवाजीनगरपर्यंत सूचना चालू होत्या. क्लच अर्धा दाबू नकोस. त्या बसच्या मागे राहू नकोस. मी ब्रेक लावायच्या आधी त्यांचा पाय फूटरेस्टवर दाबला जायचा, ते मला कळत होतं. नदी ओलांडल्यावर सूचना थांबल्या आणि माझ्या खांद्यावर उजवा हात आला. पकड अशी नव्हतीच, नुसतं वजन होतं. मी खांदा हलवला नाही. पेठेतल्या गल्लीत स्पीडब्रेकर आला तेव्हा मात्र बोटं जराशी आवळली गेली. किती, ते मला सांगता येणार नाही. पण गेली.

क्लिनिकमधल्या मुलीने विचारलं, "काका, आलात! रिक्षा मिळाली लगेच?"

"गाडीने आलो."

तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हाला चालवायची नाही सांगितलंय ना?"

"हिने चालवली," हे म्हणाले, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "मी मागे होतो." आणि शर्टाची उजवी बाही डाव्या हाताने वर सारत ते टेबलाशी जाऊन बसले.