धाकटीच्या चेहऱ्यावर हिरवी खूण

चिचगडजवळच्या आमच्या गावात मी सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवते. आज कडेवर बाळ घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासमोर बसून खिचडी खाऊनच मोठ्या झाल्या. त्यामुळे घरी न्यायची पोषण आहाराची पाकिटं देण्याआधी प्रत्येक आईचा चेहरा मोबाईलवर तपासायचा, असा आदेश आला तेव्हा मला नवल वाटलं. यातली कोणती बाई मला अनोळखी होती?

प्रशिक्षणात सुपरवायझर मॅडमनी नीट समजावून सांगितलं. मोबाईल आपल्यासारखा चेहरा ओळखत नाही. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटीची ठेवण हे सगळं मोजून तो त्याचे आकडे करतो आणि आधार कार्डाच्या फोटोवरून केलेल्या आकड्यांशी ताडून बघतो. पुरेसे जुळले की तोच माणूस. समोर कोणी नुसता फोटो धरू नये म्हणून डोळे मिचकवायला लावतो. विमानतळावर आणि पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यालाही आता हेच वापरतात, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं होतं.

पहिल्या महिन्यात बहुतेकींचं काम झालं. अडली ती एकच. तिला सिकलसेलचा आजार, त्यात तीन महिन्यांपूर्वीचं बाळंतपण जड गेलेलं. गाल पार बसले होते. कार्डावरचा फोटो मात्र नववीतला, दोन वेण्या आणि भरलेले गाल. आधी आत, मग अंगणातल्या उजेडात, मग डोक्यावरचा पदर काढून, असं तीन वेळा पाहिलं. तिन्ही वेळा चेहरा जुळत नाही, असंच आलं. ती दर वेळी फक्त पदराने तोंड पुसायची, जणू चेहऱ्याला काही लागलं असावं.

तिची धाकटी बहीण, त्या फोटोसारख्याच भरल्या गालांची, बाळाला घेऊन शेजारीच उभी होती. काय दिसतं ते बघायला ती मोबाईलसमोर वाकली, सहज डोळे मिचकावले, आणि पडद्यावर चेहरा जुळल्याची हिरवी खूण आली. रांगेतल्या बाया हसल्या. आता दर महिन्याला हिलाच पाठव, असं एकीने सुचवलंही. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. पुढचं बटण दाबायला माझं बोट गेलंच होतं.

"बाई, ते दाबू नोका," थोरली म्हणाली.

"काऊन?"

"मी इथं उभी हावो. पाकीट माह्या नावाचं हाय. धाकटी जर मी झाली, त मंग मी कोन?"

मी ते रद्द केलं. पाकीट तिच्या हातात दिलं, रजिस्टरमध्ये कारण लिहिलं आणि तिची सही घेतली. मॅडम फोनवर चिडल्या. फोटोशिवाय वाटप वर दाखवायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, या बाईला मी ती तीन वर्षांची असल्यापासून ओळखते, तसं लिहून द्यायला तयार आहे. शेवटी त्या वर कळवते म्हणाल्या, पण आधारवरचा फोटो बदलून घ्यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती आणि मी बसने देवरीच्या आधार केंद्रात गेलो. फोटो काढणाऱ्याने बाळ बाजूला ठेवायला लावलं, तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं. नवा फोटो लागायला काही आठवडे गेले. त्यानंतर ती आली आणि पहिल्याच वेळी चेहरा जुळला. बायांना आनंद झाला. ती मात्र पडद्यावरच्या आपल्या बसलेल्या गालांकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाई, मी बरी झाली, अंग भरलं, त हा पुन्हा नाही म्हनल का?"

तू आधी बरी तर हो, मी म्हटलं, पुन्हा जाऊ देवरीला.