होहोबाचा माळ

मुलांनो, तुमचा बाबा मे महिन्यात येतो आहे, माळाची दोन एकर जमीन विकायला. तिथे काही पिकत नाही, असं तो तुम्हाला सांगेल आणि ते खोटं नाही. पण तिथे काय उगवलं ते त्याआधी तुम्हाला कळायला हवं. फोनवर तुमच्या आजीला ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

घोडेगावच्या अलीकडचा आपला माळ म्हणजे निव्वळ मुरूम. कालव्याचं पाणी खालच्या रानांना मिळालं, आपल्याला नाही. आजोबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी राजस्थानातून होहोबाच्या, म्हणजे तेलाच्या बाटलीवर जोजोबा लिहितात त्याच्या, बिया मागवल्या. हे वाळवंटातलं झुडूप. त्याच्या बियांचं तेल साबणात आणि केसांच्या औषधांत घालतात. सोबत इंग्रजी माहितीपत्रक होतं. ते मी चहाच्या वेळी वाचून अर्थ सांगायची आणि आजोबा डोळे मिटून ऐकायचे.

शेंगदाण्याएवढं, तपकिरी बी. रात्रभर भिजवून आम्ही ते आषाढात थेट खड्ड्यांत टोकलं. पिशवीत रोप करायचं नाही, कारण मूळ सरळ खाली जातं आणि पिशवीत वेटोळं होऊन बसतं. पहिलं वर्षभर रोप वर बोटभर, सगळी वाढ जमिनीखाली. येणारेजाणारे विचारायचे, "आण्णा, काड्या पेरल्या का काय?"

या झुडपात नर वेगळा, मादी वेगळी. रोपाकडे पाहून कळत नाही, तीन-चार हिवाळे थांबावं लागतं. मग नराला पिवळसर फुलांचे झुपके येतात आणि मादीला पेरावर एकेकटं हिरवट फूल. फळ मादीलाच, पण नराचा पराग वाऱ्याने आला तरच. आजोबांनी तुमच्या बाबाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की माळावर एकदा फळ धरलं तर जमीन विकायची नाही.

चौथ्या हिवाळ्यात फुलं आली आणि त्याच आठवड्यात आजोबांना अर्धांगाचा झटका आला. आम्ही नगरच्या दवाखान्यात अडकलो. माळ माझ्या दिरांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांनी सांभाळला. ते कालव्याखाली पपई करतात. पपईच्या बागेत नर झाड दिसलं की ते उपटून टाकतात, उगाच पाणी पितं म्हणून.

आजोबांना घरी आणलं त्या दिवशी धाकटे आजोबा खाटेपाशी आले, चांगले खुशीत.

"दादा, तुझं काम करून ठिवलंय. लई नर हुते, निम्म्यावर. समदे काढले."

आजोबांचे शब्द तेव्हा जड येत. "समदे?"

"एक ठिवला न्हाई."

आजोबांनी नजर वर पत्र्याकडे वळवली. मग म्हणाले, "पोरी ठिवल्या आन् जावई हाकलले व्हय रे?"

धाकटे आजोबा हसले. मी पत्रकातला परागाचा परिच्छेद मराठीत सांगितला, तेव्हा ते खाली जमिनीवर बसले. "वहिनी, पपईला तर नर लागत न्हाई वो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेले. उपटलेली झुडपं बांधावर वाळत पडली होती. मुळं कुदळीने तोडलेली. पिवळे झुपके हात लावला की गळत होते.

डब्यात मूठभर बिया उरल्या होत्या. त्या आम्ही रिकाम्या खड्ड्यांत लावल्या, पण त्या वर्षी पाऊस झाला नाही आणि एकच रोप तगलं. धाकटे आजोबा त्याला दुधाच्या किटलीतून पाणी घालायचे. संध्याकाळी खाटेवरून विचारणा व्हायची, "जावई कसा हाय?"

"बरा हाय, दादा. मूळ धरलंय त्यानं."

आजोबा दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. ते रोप नरच निघेल, असं ते धरून चालले होते. मीही.

या माघात, रोपाच्या चौथ्या हिवाळ्यात, धाकटे आजोबा सकाळीच दारात आले. "वहिनी, कळी आलीय. तुमी बघा, मला न्हाई बघवत." मी चष्मा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. झुपका कुठेच नव्हता. पेरावर एकेक कळी, हिरवट, मान खाली घातलेली.

"काय हाय?"

"मादी."

त्यांनी किटली उचलली आणि आणलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतलं.

बी पुन्हा लावता येईल. पण मग पुन्हा चार हिवाळे. तुमचा बाबा तेवढं थांबणार नाही, आणि मी असेन याचा भरवसा नाही.

गावात टँकर सुरू झाले आहेत. माळावर जुन्या सगळ्या माद्या उभ्या आहेत, त्यांच्यात ही एक नवी. फळ एकीलाही नाही. पानं हिरवी आहेत.