तारेच्या शिंक्याची मजुरी

काल कपडे वाळत घालायची तार ओढून बांधली आणि हाताला तो वास लागला. लोखंडाचा, जरा आंबटसर. साबणाने हात धुतला तरी जाईना, आणि मला पोलादपूरकडचं माझं सासर आठवलं.

मी तेव्हा नवी सून. दुपारी ओटीवर बसून तारेची शिंकी विणायचे, दुधाचं भांडं मांजरापासून उंच टांगायला. सासूबाई म्हणायच्या, “बसून खेळ चाललाय नुसता.” तरी महाडच्या बाजाराला निघताना शिंकी टोपलीत भरली त्यांनीच, आणि मलाही बरोबर घेतलं.

बाजारात एका बाईंनी शिंकं उचलून उलटसुलट पाहिलं. “एवढ्याशा तारेचे इतके पैसे? तारेचा भाव ठाऊक आहे मला.”

मी मान खाली घातली. वाटलं, आता सासूबाई पडत्या भावात देऊन टाकणार. त्यांनी मात्र सकाळीच विकत घेतलेलं तारेचं भेंडोळं पुढे केलं.

“तारेच्या भावात ही तार हाय, न्या. शिंकं पायजे तर माझ्या सुनेचा दिस धरावा लागंल. भातलावणीला गेली असती तर संध्याकाळी मजुरीचं भात घेऊन आली असती ती.”

बाई हसल्या आणि सांगितले तेवढे पैसे देऊन गेल्या. तेव्हा मला भर बाजारात मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता आठवलं की एकटीच हसते.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी तारेपुरते पैसे कमरेला खोचले आणि उरलेले माझ्या हातावर ठेवले. “ही मजुरी. तुझी हाय गो.”

घर येईपर्यंत मी मूठ उघडली नाही. उघडली, तर नाण्यांनाही तोच वास येत होता.