तुतवारांची वही

दिवाळी सरता सरता मी बीबी गावाजवळच्या तलावावर पहाटे जाते. दहा वर्षं झाली. उत्तरेकडून तुतवार पक्षी येतात, चिमणीहून मोठे, शेपटी हलवत चिखलात चोच मारत फिरणारे. कधी आले, किती आले, सगळं मी एका वहीत लिहायचे. शाळेतल्या पोरांना शिकवून उरलेला जीव त्या वहीत ओतला होता.

ती वही बुलढाण्याच्या कॉलेजातले एक सर 'दोनच दिवस' म्हणून घेऊन गेले. पुढं पेपरात त्यांचा लेख आला. नोंदी माझ्या, नाव त्यांचं. माझ्यासाठी एकच ओळ, 'एका गावकरी बाईंची मदत झाली.' आयत्या बिळावर नागोबा! वही मागायला फोन केला की उचलायचे नाहीत. वर्षभर मी आतल्या आत जळत होते, खोटं कशाला सांगू.

मग पुढच्या साली त्यांचाच फोन. पाहुणे घेऊन येतो, पक्षी दाखवा. मी म्हटलं, या.

आमच्याकडे तलावाचं पाणी उतरलं की उघड्या गाळात हरभरा पेरतात. पाय ठेवायचा तो पेरलेल्या पट्ट्यावर, तिथला गाळ घट्ट झालेला असतो. कोऱ्या गाळावर नुसता पापुद्रा वाळलेला असतो, खाली गुडघाभर चिखल. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. सर मात्र काठावर उभे राहून विचारत होते, कुठून येऊ? हरभरा तुडवला तर शेतकरी ओरडेल, ही त्यांना भीती.

"सरळ या," मी पुढं पट्ट्यावरून म्हटलं. सरळ म्हणजे कोरा गाळ.

दहा पावलांत सर गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांच्या ओरडण्यानं सगळे तुतवार भुर्रकन उडाले. पाहुणे काठावर मोबाईल काढून उभे. मी पेरलेल्या पट्ट्यावरून सावकाश, अगदी सावकाश गेले. जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू!

"बाई, हात द्या हो."

"पयले वही द्या सर. मंग हात."

वही त्यांच्या पिशवीतच होती, पाहुण्यांना दाखवायला आणलेली. त्यांनी ती काढून दिली. मी उघडली, तर माझ्या शेवटच्या नोंदीखाली त्यांच्या अक्षरात आजची तारीख आणि 'तुतवार, दोनशे.' दहा वर्षांत साठाच्या वर मी कधी मोजले नव्हते. या माणसानं घरूनच लिहून आणलं होतं.

मी पेन काढलं, दोनशे खोडलं. खाली लिहिलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं:

"तुतवार मोजायच्या आत उडाले. कारण, सर चिखलात."

मग हात दिला.