माझ्याच नंबरचं दुसरं ड्रोन

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी मी मांडवगण फराटा गावच्या देवळासमोर अगदी जवळून बघितली. संन्यासी म्हणजे माझा नवरा.

उसावर ड्रोननं फवारणी करायचं काम माझं. नवरा पिकअप चालवतो, औषध कालवतो. आम्ही राहायला दौंडला, पण कामं सगळी नदीच्या अल्याड-पल्याड. त्या हंगामात दिवेलागणीला आभाळात कुणाचीतरी ड्रोनं फिरायला लागली आणि गावोगाव बोभाटा झाला, की चोर वरून घरं हेरतात. बिबट्या परवडला, पण ड्रोन नको, इथपर्यंत गोष्ट गेली. तरणी माणसं काठ्या घेऊन पहाऱ्याला. अनोळखी गाडी दिसली, की अडवलीच.

मला काय, मी बिनधास्त. माझ्या ड्रोनवर काडेपेटीएवढी डबी बसवलेली आहे. ड्रोन उडालं, की ती सारखा आपला नंबर सांगत राहते. फोनमध्ये ॲप असलं, की जवळपासच्या कुणालाही तो दिसतो. ट्रेनिंगमध्ये सरांनी सांगितलं होतं, रिमोट आणि ड्रोनचं आपसातलं बोलणं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद. किल्ली त्या दोघांकडंच. नंबर मात्र उघडा. मी विचारलं होतं, "सर, माझा नंबर दुसऱ्यानं आपल्या डबीत घातला तर?" सर हसले. "ताई, कोण कशाला घालेल?" वा रे सर! मी तोच नंबर मोठ्या अक्षरांत पिकअपच्या दारावरही रंगवून घेतला होता.

त्या संध्याकाळी फवारणी उरकली. ज्यांचा ऊस होता त्या आबांच्या घरी मी बॅटऱ्या चार्जिंगला लावून बसले होते. ड्रोन घडी घालून पिकअपमध्ये, आणि पिकअप घेऊन नवरा गावात डिझेल आणायला गेलेला. आबांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि चप्पल शोधायला लागले.

"पोरी, ऊठ. पब्लिकनी तुझ्या मालकाला धरलाय."

मी आबांच्या मोटारसायकलवर मागं बसले. देवळासमोर ही गर्दी! नवरा पायरीवर बसलेला, शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. पहाऱ्यातला एक जण काठी बगलेत धरून सगळ्यांना फोन दाखवत होता. आदल्या संध्याकाळी वस्तीवर ड्रोन आलं होतं, त्याचा नंबर यानं ॲपमध्ये बघून फोटो काढून ठेवलेला. पिकअपच्या दारावर तोच नंबर.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. "नंबर ह्यांचाच हाय."

"अरे, काल आम्ही घरी होतो! दौंडला!" मी ओरडले. कोण ऐकतंय! मागून कुणीतरी म्हणालं, "बाईबी सामील दिसती." मला भीती वाटली. खरं सांगते, नुसती भीती. नवऱ्याला हे आता जिता सोडत नाहीत असं वाटलं.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूला घरघर झाली. लाल-हिरवा दिवा. सगळ्या माना वर. मी फोन काढला, ॲप उघडलं, आणि स्क्रीनवर माझाच नंबर! तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिकअपवरची ताडपत्री खस्सकन ओढली.

"बघा! डोळं फाडून बघा! माझं ड्रोन हितं पडलंय. बॅटऱ्या आबांच्या घरात. आन् नंबर बघा वर कुणाचा उडतोय!"

एक म्हातारे आप्पा पुढं आले, ड्रोनला हात लावून बघितला. "मंग त्यो वरचा कोण?"

"चोरीच्या गाडीला दुसऱ्याची नंबरप्लेट लावत्यात का न्हाई? तसं हाय आप्पा. नंबर उघडा, कुणीबी उचलावा."

आप्पांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा एकाचा हात बाजूला केला. "उठा पाव्हणं." मला रडूच फुटलं. पण काठीवाला थांबतोय होय! "मंग उडवणारा कुठं हाय त्यो?"

त्या ॲपमध्ये नंबरवर बोट ठेवलं, की आणखी एक पान उघडतं. ड्रोन उडवणारा माणूस कुठं उभा आहे, तेही नकाशावर दिसतं. तेही उघडंच. या लोकांना ते पान माहीत नव्हतं. मी बोट ठेवलं. ओढ्यापलीकडच्या विहिरीपाशी ठिपका. धावत गेलं तर हाकेच्या अंतरावर.

माझा नंबर चोरणारा. ज्याच्यापायी माझ्या माणसाचा ओठ फुटला, तो. मी फोनची स्क्रीन गर्दीकडं फिरवत होतेच, एवढ्यात नवऱ्यावर नजर गेली. सुटला होता तरी दोन्ही हात डोक्यावर धरूनच उभा होता. मी बटण दाबून स्क्रीन विझवली.

"गेला सिग्नल," मी म्हणाले.

गावाबाहेर आल्यावर पोलिसांना फोन करून विहीर सांगितली. पुढं सापडला तो आमच्यासारखाच फवारणीवाला. परवानगीचा कागद नव्हता आणि बिननंबराचं ड्रोन धरतात, म्हणून माझा नंबर उचललेला. संध्याकाळी शेतं हेरून सकाळी कामं मागायचा.

त्या रात्री परतताना नदीचा पूल आला. तसा नवरा म्हणाला, "दावायचं हुतं की. फोडला असता त्याला."

"आन् ते पान त्यांना ठावं झालं असतं," मी म्हणाले. "उद्या तसल्याच ठिपक्यावर मी उभी असणार हाय."

डबीच्या कंपनीला सांगितलं, नंबरला सही-शिक्का लावा म्हंजे नक्कल करता येणार न्हाई, आणि माझी जागा कुलपात ठेवा, किल्ली फक्त पोलिसांकडं. म्हणाले, ताई, काम चालू आहे. तोवर मी ड्रोन उडवते तेव्हा नवरा आभाळाकडं बघत नाही. माझ्याकडं पाठ करून, रस्त्यानं कुणी येतंय का बघत उभा राहतो.