मरून राहिलेल्यांची मसणताई

मसणताई मेलेल्यांबद्दल नेहमी आदराने बोलायची. खेळताना आम्ही "सांगाडा आला" म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची, "आले म्हणा. वयानं मोठे असतात ते." तिचं हे नाव आमच्यातल्याच कोणीतरी ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं. पस्तिशीची, एकटी राहणारी, एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारी. रविवारी दुपारी सीताबर्डीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीत आम्ही चारपाच जण फासे आणि नकाशा घेऊन बसायचो. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, गोष्ट ताईने पुढे न्यायची आणि पात्र जगेल की मरेल हे फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ.

मी तिथे गेले ते बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. मी घराबाहेर पडावं असं आईला वाटत होतं. मला रडू येत नव्हतं, आणि त्यामुळे नातेवाईक माझ्याकडे जरा जपून बघायचे. खेळाच्या इंग्रजी नियमपुस्तकात मृतांची एक जमात होती. तिला भूक, भीती, दुःख काहीच नाही, असं लिहिलेलं. मी तीच निवडली. ताईने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"कोण म्हणते त्यायले काही वाटत नाही? लिहिणारा मेला होता का?"

त्या दिवसापासून ती जमात नव्याने घडवायचं तिने मनावर घेतलं.

जमातीला नाव मिळालं ते एका चुकीमुळे. ओंकार पुण्याहून नोकरीसाठी आलेला, खेळात नवा. एका लढाईत आमचा बबलू ओरडला, "अरे, माझा भालेवाला मरून राहिला ना!" ओंकारने शांतपणे बबलूची सोंगटी उचलली आणि डब्यात टाकली.

"काहून उचलली गा?"

"मेला म्हणालास ना."

"मेला नाही बे, मरून राहिला! जिवंत हाय अजून!"

"मेला पण आणि राहिला पण?"

आमच्याकडे 'मरून राहिला' म्हणजे मरतोय, एवढंच. आम्ही पोट धरून हसलो. ताई मात्र हसली नाही. "थांबा," ती म्हणाली. "मेले, अन् राहिले. हेच तर हायेत आपले लोक." तेव्हापासून ते मरूनराहिले झाले.

त्यांच्या धर्मात तिला भडक काही नको होतं. कवट्यांच्या माळा तिने पहिल्या दिवशीच काढून टाकल्या. "आपण घालतो का आपल्याच दातायची माळ?" मरूनराहिल्यांना भूक लागत नाही, पण ते रोज स्वयंपाक करतात आणि ताटाभोवती वाफ थांबेपर्यंत बसतात. वाफ हाच त्यांचा नैवेद्य. मृत्यूचा देव त्यांना नाही. "त्याचं काम झालं. आता त्याच्यासंग काय बोलाचं?" संस्कार एकच, नाव ठेवण्याचा. नव्याने आलेल्याला नाव नसतं. आपण का राहिलो हे त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, मग थोरांनी त्याला नाव द्यायचं. तोवर तो नुसता 'नवं माणूस'.

माझं पात्र सगळा हिवाळा नवं माणूसच राहिलं. उन्हाळ्यात कूलर आला, तरी तेच.

"मॅडम, जुनं व्हायला आलं तुमचं भूत," बबलू मला म्हणाला. "सांगून टाका ना."

"त्यायच्या धर्मात विचारणं पाप हाय गा," ताई म्हणाली.

"हे कधी ठरलं?"

"आत्ता. जा, प्रायश्चित्त म्हणून कप विसळ."

मग ताईला हैदराबादला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी सगळ्यांच्या गोष्टी संपवायच्या होत्या. उरलं होतं फक्त माझं नाव. मी बोलले नाही, तर ते माणूस कायमचं बिननावाचं राहणार होतं. ताई सगळ्यांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. इतरांचं आटोपलं, बबलूने नकाशाची घडी घालायला घेतली, तेव्हा मी म्हणाले, "माझ्या घरचं माणूस 'येतो' म्हणून गेलं. चप्पल घालून, स्वतःच्या पायांनी जिना उतरून, दवाखान्यात. म्हणून मी थांबले."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. बबलूचे हात घडीवर तसेच राहिले. ताईने मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. ती थोर मरूनराहिल्यांच्या आवाजात म्हणाली, "हिचं नाव 'थांबली'." रीतीप्रमाणे प्रत्येकाने ते नाव एकदा उच्चारलं. ओंकारनेसुद्धा. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. कपाळावर कूलरचं पाणी उडत होतं, तेवढं कळत होतं.

हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली. आईने चहा केला, चिवडा दिला. दोघी हैदराबादच्या उन्हाबद्दल बोलल्या. मग ताईने दारात सँडल घातल्या आणि म्हणाली, "जाते मी, काकू."

आई दचकली. "अगं, असं म्हणू नये. येते म्हण."

"नाही काकू. यायचं जमलं तर येईनच. पण आता मी जाते."

हे ती आईला सांगत होती आणि बघत माझ्याकडे होती.

"बरं," मी म्हणाले. "जा."

आई माझ्याकडे बघत राहिली. ताई मान हलवून जिना उतरली. खाली फाटक वाजलं, ऑटो सुरू झाला, कोपऱ्यावर त्याचा हॉर्न ऐकू आला. मी दार लावलं, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा आतून कडी घातली.